पैठण गेटकडील एक फ्रेमचे दुकान: एका चित्रकाराच्या पत्नीचा अभिप्राय

हा अभिप्राय एका फ्रेमच्या दुकानाविषयी आहे. छत्रपती संभाजीनगरात पैठण गेटाकडून टिळक पथाने गुलमंडीकडे निघाले की मध्येच एका बोळात हे दुकान लागते. खाली सत्तरीचे वडील चौकटी आणि माउंट (चित्राभोवती बसणारी जाड कागदाची खिडकी) बनवितात, तर पोटमाळ्यावर त्यांचा मुलगा चित्रांचे स्कॅनिंग, छायाचित्रण आणि छपाई करतो. गेले चौदा महिने मी त्यांची गिऱ्हाईक आहे. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे माझी एक गंभीर तक्रार आहे आणि जी चूक त्यांनी कबूल करून निस्तरली ती दुकानाच्या नावाला कायमची चिकटून राहावी, हे मला न्याय्य वाटत नाही. माझ्या यजमानांचे नावही देत नाही. त्यांच्या नावासाठीच हा सारा खटाटोप असताना हे विचित्र वाटेल, परंतु फ्रेमवाल्याच्या निमित्ताने नवऱ्याची जाहिरात करून घेतली असे कोणी म्हणू नये.

माझे यजमान नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले. एकतीस वर्षे ते एका खासगी संस्थेच्या शाळेत चित्रकला शिक्षक होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुले बसविणे, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगविणे, फळ्यावर रंगीत खडूंनी सुविचाराभोवती महिरप काढणे यांत त्यांचे दिवस गेले आणि उरलेल्या वेळात त्यांनी स्वतःची चित्रे काढली. मुंबईच्या दालनांपर्यंत ते पोहोचले नाहीत, तसा प्रयत्नही त्यांनी फारसा केला नाही. मात्र आपल्या भागातील चित्रकला शिक्षकांत त्यांना मान होता. ते गेल्यावर शोकसभा झाली, एका दैनिकात लेख आला, वर्षश्राद्धापर्यंत माणसे येत राहिली. नंतर मात्र चित्रे त्यांच्यावाचून हिंडू लागली. दौलताबादच्या किल्ल्याचे त्यांचे एक जलरंगचित्र मला एका मंगल कार्यालयाच्या फ्लेक्सवर दिसले, आणि जेथे त्यांची सही असायची तेथे बुकिंगचा दूरध्वनी क्रमांक होता. किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी केलेली रेखाटने एका स्मरणिकेत ‘संग्रहित’ एवढ्या एकाच शब्दाखाली छापली गेली. ज्या शाळेत त्यांनी आयुष्य घालविले तेथील भिंतीवरच्या चित्रावर कोपऱ्यातून चुन्याचा पहिला हात फिरल्याचे मला एका माजी विद्यार्थ्याने कळविले. प्रत्येक वेळी मी चिडले, आणि प्रत्येक वेळी माझ्या लक्षात आले की, हे चित्र यांचेच आहे असे दाखवायला माझ्यापाशी ना यादी होती, ना प्रत, ना तारीख. या दुकानाची पायरी मी चढले ती त्यासाठी.

रिक्षातून नेलेल्या पत्र्याच्या ट्रंकेत एकूण २१४ कामे निघाली. त्यांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून प्रत्येक घरात पिंपे आणि टाक्या असतात, आणि आमची ट्रंक नेमकी अशाच एका टाकीच्या शेजारी होती. खालच्या थरातील कागदांना कसर लागली होती. चित्रांमध्ये मी स्वतःच्या हाताने जुनी वर्तमानपत्रे घातली होती; ती घातल्याने चित्रे सुरक्षित राहतात अशी माझी समजूत होती. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो आणि त्याचा तपकिरी डाग शेजारच्या कागदावर उतरतो, हे मला दुकानातील वृद्ध गृहस्थांनी एका चित्राची पाठ उजेडात धरून दाखविले. त्या पाठीवर एका जुन्या जाहिरातीच्या चौकटीची धूसर कडा उमटली होती. माझ्या यजमानांना ते ‘मास्टरसाब’ म्हणत, म्हणून मला पहिल्या दिवसापासून ‘भाभी’ म्हणतात. त्यांचा मुलगा ‘काकू’ म्हणतो. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो.

दुकानाची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यांची वही. मी आजवर पाहिलेल्या फ्रेमच्या दुकानांत पावतीवर ‘चित्र ५ नग’ एवढेच लिहितात. येथे प्रत्येक कामाला क्रमांक पडला आणि त्यापुढे लांबी-रुंदी, माध्यम, कागद, सही आहे की नाही, असल्यास कोठे, पाठीमागे काय लिहिले आहे आणि आधीपासून कोणते नुकसान आहे, हे सारे माझ्यासमोर लिहिले गेले. या कामालाच चार दुपारी गेल्या. ‘सही’ या रकान्याचा आग्रह चाचांचा होता. माउंटची खिडकी कापताना ती चित्राच्या चारही कडांवर थोडी चढते, आणि सही बहुधा खालच्या कडेलाच असल्यामुळे ती झाकली जाते. पुष्कळ कारागीर त्याचा विचारही करीत नाहीत. १९९० च्या सुमारास दुसऱ्या एका दुकानदाराने तयार चौकटीत बसावे म्हणून यांच्या एका चित्राची खालची अर्धा इंच पट्टी कातरून टाकली होती. यांनी त्या वेळी काही म्हटले नाही, घरी येऊन फक्त पाठीवर पेन्सिलने पुन्हा सही केली. ती सही चाचांनी वहीत नोंदविली: ‘सामने नहीं, पीछे है, मास्टरसाब के हाथ की.’

वहीतील आणखी एका रकान्याने मला बराच धडा शिकविला. प्रत्येक व्यक्तिचित्रापाशी मुलगा थांबे आणि विचारी, ‘काकू, हे सरांनी मनानं काढलंय की कोणी पैसे देऊन काढून घेतलंय?’ पहिल्यांदा मला तो प्रश्न उद्धट वाटला. पूर्वी एका मागवून घेतलेल्या व्यक्तिचित्राच्या प्रती चित्रकाराच्या वारसांना काढून दिल्यामुळे या बापलेकांचा हात पोळला होता, हे मागाहून कळले. यांचा एक विद्यार्थी आता वकिली करतो; त्याला विचारता त्याने मुलाची शंका रास्त ठरविली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला हक्कदार सामान्यतः चित्रकार असतो, आणि एखाद्याने चित्र विकत घेतले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क त्याच्याकडे जात नाही. त्यासाठी लेखी हस्तांतर लागते. परंतु कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर तो हक्क मागविणाऱ्याचा होतो. म्हणजे एका शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांचे जे तैलचित्र यांनी पैसे घेऊन काढले होते आणि जे त्या संस्थेने दिनदर्शिकेवर छापल्यामुळे मी दोन वर्षे त्यांच्याशी बोलणे टाकले होते, ते छापण्याचा त्यांना अधिकार होता. मी त्यांना तसे पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. मात्र चित्रकाराचे नाव गाळण्याचा अधिकार त्यांना त्यातून मिळत नाही, कारण कलम ५७ प्रमाणे आपण कर्ते असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या कामाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क हा चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या पश्चात त्याचे कायदेशीर प्रतिनिधी तो बजावू शकतात. त्याच पत्रात खाली मी हेही लिहिले. पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिकेवर यांचे नाव बारीक अक्षरांत का होईना, आले.

चाचांच्या हातकामाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. वेरूळच्या वाटेवरील एका वडाच्या जलरंगचित्राला वरच्या बाजूने सेलोटेपची पट्टी लावलेली होती, ती कितीतरी वर्षांची असावी, कारण ती मधाच्या रंगाची झाली होती. चाचांनी एक पातळ बोथट पाते छोट्या इस्त्रीवर टेकवून कोमट केले, स्वतःच्या मनगटाला लावून पाहिले आणि पट्टीच्या कोपऱ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढे सरकविले. पुन्हा कोमट केले, पुन्हा सरकविले. पाऊण तासात पट्टी साधारण चार इंच सुटली. पाचव्या इंचावर पात्याबरोबर कागदाचे बारीक पांढरे तूस वर येऊ लागताच त्यांनी हात काढून घेतला. ‘भाभी, यहाँ काग़ज़ की चमड़ी आ रही है. छोड़ देता हूँ,’ एवढेच ते म्हणाले आणि उरलेली पट्टी तशीच ठेवून ती माउंटच्या पांढऱ्या कडेखाली जाईल अशी खिडकी आखली. मी त्यांना विचारले की, थोडे खरडून, वरून जुळता रंग लावता येणार नाही का. त्यांनी रंगाच्या बाटल्या दुकानात ठेवतच नाही असे उत्तर दिले. ज्या दुकानात ‘टचअप करून देतो’ असे हौसेने सांगितले जाते तेथून चित्र घेऊन परत फिरावे, असा सल्ला मी येथे अनुभवावरून देत आहे.

किल्लारीच्या रेखाटनांच्या बाबतीत त्यांचा हा संयम आणखी कसाला लागला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि त्यानंतर काही दिवसांनी शिक्षकांच्या एका गटाबरोबर कपडे-धान्य घेऊन हे तिकडे गेले होते. मदत करायला गेलेल्या माणसाने वही काढून बसणे यांना लाजिरवाणे वाटे, म्हणून त्यांनी रात्री तंबूत, दिवसा पाहिलेले आठवून, शाळेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलने ही रेखाटने केली. मातीच्या जाड भिंती ढासळून झालेले ढीग, त्यांतून वर आलेली एकच तुळई, उलथलेल्या रांजणापाशी बसलेली म्हातारी, असे सतरा कागद आहेत. मऊ पेन्सिलीची रेघ बोट लागले तरी पसरते, म्हणून घरच्या एका हितचिंतकाने त्यांवर केसांचा स्प्रे मारण्याचा सल्ला दिला होता आणि मी बाटलीही आणली होती. चाचांनी ती बाटली ट्रंकेत पाहिली तेव्हा ते प्रथमच माझ्यावर रागावले. अशा फवाऱ्याने कागद पुढे पिवळा पडतो. त्यांनी रेखाटनांवर काहीही न मारता काच आणि कागद यांमध्ये अंतर राहील असे जाड माउंट केले, कागद चिकटविण्यासाठी फेव्हिकॉलऐवजी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ तंतुमय कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या वापरल्या, म्हणजे उद्या कोणाला चित्र बाहेर काढायचे झाले तर ओलसर बोळ्याने त्या सुटतील.

आता तक्रार. मुलाने पोटमाळ्यावर पहिली साठ कामे स्कॅन केली आणि मला संगणकाच्या पडद्यावर दाखविण्यासाठी बोलाविले. स्कॅन ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) केलेले होते, फाइली टिफ या तपशील जपणाऱ्या स्वरूपातील होत्या, ए-थ्री आकाराच्या एका चित्राची फाइल दोनशे एमबीच्या आसपास होती. म्हणजे तांत्रिक बाजूने चोख. परंतु दौलताबादचे चित्र उघडले आणि मला ते ओळखू येईना. यांच्या चित्रात एप्रिलमधील भर दुपार आहे. मराठवाड्यात त्या वेळी आकाश निळे नसते, ते राख आणि हळद एकत्र केल्यासारखे असते, आणि किल्ल्याचा कडा त्यात विरघळत असतो. पडद्यावर मात्र स्वच्छ निळे आकाश आणि खाली हिरवळ होती. मुलाने सगळ्या फाइली रंग आपोआप सुधारणाऱ्या आज्ञेतून काढल्या होत्या. ‘काकू, कसं फ्रेश दिसतंय ना?’ असे त्याने उत्साहाने विचारले. मी त्याला सांगितले की, सरांनी उन्हाळा काढला आहे आणि तू त्यावर माथेरान चढविले आहेस.

तो गप्प बसला नाही, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. कागद स्वतःच पिवळा पडला आहे, मग यातील सरांचा पिवळा कोणता आणि कागदाचा कोणता, हे तुम्ही कसे ठरविणार, असा त्याचा प्रश्न होता. मला उत्तर देता आले नाही. उत्तर चाचांनी खालून आणले: जुन्या माउंटखाली तीस वर्षे झाकली गेलेली चित्राची कड. त्या बोटभर पट्टीवर उजेड कधी पडलाच नव्हता. तेथील आकाश तसेच राखाडी-पिवळे होते, म्हणजे मी बरोबर होते. परंतु कड्याच्या दगडांत तेथे गडद किरमिजी छटा होती, जी बाकीच्या चित्रातून उडून गेली आहे आणि जी मला मुळीच आठवत नव्हती. म्हणजे मी ज्याला यांचा रंग म्हणून इतकी वर्षे जपत होते त्यातील काही भाग केवळ उन्हाचा होता. त्या दिवशी घरी जाताना माझी मान थोडी खाली होती, हे कबूल करते.

यांच्याकडून मी अजिंठ्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या, कारण दरवर्षी ते मुलांची सहल तिकडे नेत. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले आणि त्यांनी रंगाचे पोपडे पडू नयेत म्हणून भित्तिचित्रांवर लाखेचे रोगण चढविले. तेच रोगण पुढे पिवळे पडून चित्रांवर झाकण होऊन बसले. हे सांगताना यांचा सूर कधी निंदेचा नसे. रंग गळून पडत होते आणि त्या माणसांनी त्यांना ठाऊक असलेला उत्तम उपाय केला, असे ते म्हणत. मुलाला मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यानेच तोडगा काढला. मूळ फाइल कोणतीही दुरुस्ती न करता, चित्राशेजारी रंग पडताळण्याची छापील रंगपट्टी ठेवून घ्यायची आणि तिला कधीही हात लावायचा नाही. छपाईसाठी काही बदल करायचा झाल्यास ती फाइल वेगळी, तिच्या नावात ‘छपाई’ हा शब्द आणि काय बदलले याची एक ओळ. साठही कामे त्याने पैसे न घेता पुन्हा केली. तीन आठवडे मात्र गेले, आणि त्यांतील एक चित्र जालन्याच्या ज्या कुटुंबाकडून उसने आणले होते त्यांच्याकडे परत गेले असल्याने मला पुन्हा एस.टी.ने जाऊन ते मागावे लागले. दुसऱ्यांदा मागताना काय वाटते ते मागणाऱ्यालाच ठाऊक.

याहून मोठी चूक त्याच आठवड्यात घडली. कामाचा नमुना म्हणून त्याने तेच निळे दौलताबाद आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवले, मला न विचारता आणि नावाशिवाय. मी फोन करताच त्याने ते लगेच काढले. पण संध्याकाळी परभणीहून माझ्या मावसबहिणीने मला ‘शुभ संध्या’ म्हणून जे चित्र पाठविले ते हेच होते, वर गुलाबाची दोन फुले आणि खाली एक सुविचार. ज्या गोष्टीपासून वाचण्यासाठी मी या दुकानात आले होते तीच माझ्या हातातील फोनवर, माझ्याच नात्यातून परत आली. मी दोन दिवस दुकानात गेले नाही. तिसऱ्या दिवशी चाचा स्वतः घरी आले, सोबत वही होती, आणि वहीत दौलताबादच्या नोंदीपुढे त्यांनी तांबड्या शाईने आपल्या मुलाची चूक तारखेसह लिहिली होती. तेव्हापासून दुकानाने गिऱ्हाइकाच्या सहीचा एक साधा कागद सुरू केला आहे: प्रती कोणाला द्यायच्या, दुकानाने नमुना म्हणून दाखवायचे की नाही, दाखविल्यास नाव कसे लिहायचे. तो कागद मागून घ्यावा; आपण होऊन द्यायला ते आजही कधी कधी विसरतात.

फाइली दोन हार्ड डिस्कवर घेतल्या. एक माझ्याकडे आहे आणि दुसरी लातूरला मुलीकडे. हा आग्रह माझा होता आणि त्यालाही अजिंठाच कारण आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी व चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतींपैकीही बऱ्याच लंडनमधीलच दुसऱ्या आगीत, १८८५ मध्ये गेल्या. एकाच छपराखाली सगळे ठेवू नये, असे माझे यजमान नेहमी सांगत आणि स्वतः मात्र सगळे एका ट्रंकेत ठेवून गेले.

एक गोष्ट माझ्या स्वतःच्या वागण्याविषयी लिहिली पाहिजे, कारण तिचा संबंध दुकानाच्या कामाशी आहे. ट्रंकेतून मी ३७ कामे आधीच बाजूला काढली होती. पैशांची ओढाताण असताना यांनी रंगविलेल्या दुकानांच्या पाट्यांचे आराखडे, गणेशोत्सवाच्या देखाव्यांची कच्ची चित्रे, एका पानटपरीसाठी काढलेली नटीची आकृती, असे त्यांत होते. लोकांसमोर जाताना हे जाऊ नये असे मला वाटत होते. चाचांनी वही बंद केली आणि म्हणाले की, क्रमांक द्यायचा तर सगळ्यांना, नाही तर ही वही कशाला. आमची बरीच वादावादी झाली. शेवटी मी चौतीस कामे परत आणून दिली. त्यांतील पाट्यांच्या आराखड्यांवर देवनागरी अक्षरांची जी वळणे आहेत, विशेषतः ‘श्री’ची, ती पाहायला आता शहरातील दोन सुलेखन शिकणारी मुले येऊन गेली आहेत. याच आराखड्यांच्या पाठीवर किराण्याच्या याद्या आणि ‘दूधवाला ४० बाकी’ अशा नोंदी निघाल्या, तेव्हा पाठीही स्कॅन करायच्या असे ठरले, त्यामुळे खर्च वाढला. उरलेली तीन चित्रे माझ्याकडेच आहेत आणि ती कोणती हे मी चाचांनाही सांगितलेले नाही.

दरांविषयी थोडक्यात लिहिते. ए-फोरपर्यंतच्या स्कॅनला ८० रुपये, ए-थ्रीला १५० आणि त्याहून मोठ्या चित्राच्या छायाचित्रणाला ४०० रुपये घेतले. कामे शंभराच्या पुढे असल्याने थोडी सूट मिळाली. १२ बाय १८ इंचांच्या चित्राला आम्लविरहित माउंट आणि लाकडी पट्टीसह चौकट १,४५० रुपयांना पडली, साध्या माउंटची निम्म्या किमतीत होते. आम्लविरहित बोर्ड बाहेरगावाहून मागवावा लागतो आणि त्यासाठी पंधरा दिवस धरावेत. चाचा आठ दिवस सांगतात. पाठीमागे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) लावू का असे मुलगा विचारतो, तेव्हा नको म्हणावे. अतिनील किरण अडविणारी काच महाग आहे. मी ती फक्त बारा चित्रांना घेतली आणि बाकीची चित्रे भिंतीवर न लावता सपाट पेटीत ठेवली. डांबरगोळ्या पेटीत सुट्या टाकू नयेत, हेही तेथेच शिकले.

या कामाचा बाहेर काय उपयोग झाला, असे मला काही स्नेही विचारतात. वारसांची कागदपत्रे आणि चित्रांच्या प्रती जोडून मी काही निवडक चित्रांची कॉपीराइट नोंदणी करण्यास दिली. नोंदणी बंधनकारक नाही, परंतु वादाच्या वेळी कागद हाताशी असतो, आणि एका कलाकृतीच्या अर्जाला ५०० रुपये शुल्क आहे. हक्काची मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे धरतात, म्हणजे यांच्या चित्रांची २०७९ अखेरपर्यंत. तोपर्यंत मी तर नाहीच, मुलगीही फार म्हातारी असेल, म्हणून कागद तिच्या लेकीलाही दाखवून ठेवले आहेत. मंगल कार्यालयाच्या मालकांना मी मूळ चित्राची सहीसह छापलेली प्रत घेऊन भेटले. त्यांनी फ्लेक्स बनविणाऱ्याकडे बोट दाखविले, त्याने इंटरनेटकडे. तरी फ्लेक्स उतरला.

शाळेच्या भिंतीचे काम अवघड होते. नोकरीत असताना काढलेल्या चित्रावर छपाईचा हक्क बहुधा संस्थेचाच निघतो, हे वकील विद्यार्थ्याने मला आधीच सांगितले होते, तेव्हा त्या बाजूने बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने मला शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचा खटला समजावून दिला. त्यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकण्यात आले होते, ते सरकारच्या मालकीचे असूनही २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला, पाच लाख रुपयांची भरपाई दिली आणि शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्यास सांगितले. मी शाळेला खटल्याची धमकी दिली नाही. ज्या शाळेच्या पगारावर घर चालले तिच्याशी भांडणे मला जमणार नाही. भिंतीचे छायाचित्र दुकानाच्या मुलाने शाळेत येऊन, दोन दिवे लावून काढले होते. त्याची दोन फुटी प्रत आणि एक पत्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले. पत्राचे उत्तर आलेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या इमारतीला रंग दिला गेला आणि ती एक भिंत तेवढी सोडली, कोपऱ्यातील चुन्यासकट.

सध्या दुकानात माझे शेवटचे काम पडले आहे. यांच्या चित्र टेकविण्याच्या घोडीवर राहिलेले परभणीकडच्या ज्वारीच्या शेताचे तैलचित्र, ज्याचा उजवीकडचा खालचा कोपरा कोराच आहे, ते मी गेल्या महिन्यात चौकटीसाठी नेले. सही असण्याची जागाच त्या कोऱ्या कोपऱ्यात येते. मुलाने विचारले की, चौकटीवर पितळी पट्टीत नाव कोरून घेऊ या का. मी नको म्हटले, आणि कोपरा पूर्ण दिसेल अशी चौकटीची पट्टी घ्यायला सांगितली. मागे कॅनव्हासच्या लाकडी सांगाड्यावर मी पेन्सिलने यांचे नाव आणि ते ज्या दिवशी शेवटचे घोडीपाशी उभे राहिले ती तारीख लिहिली. चाचांनी पावतीवर लिहिले: ‘तेल. ज्वारी. सही नहीं. काम आधा.’

शुक्रवारी दुपारी दीड ते तीन दुकान बंद असते, रविवारी मात्र उघडे असते. रिक्षा बोळात येत नाही, त्यामुळे चित्रे मोठी असतील तर सोबत कोणाला तरी न्यावे आणि पोटमाळ्याचा जिना चढताना डोके सांभाळावे.